फळीवर दोन ठोके

शनिवार, २० ऑगस्ट १९५५

अधिकमास लागला. या महिन्यात पोथीचं पान वाचून झालं की चार ओळी लिहायच्या, असा नेम धरला आहे. त्यासाठी नवी वही आणली नाही. जमाखर्चाच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, ती कारणी लागतील.

आज बैस ठेकेदार आले होते. इथे गडचिरोलीत मुलींच्या शाळेची नवी इमारत त्यांच्याकडे आहे. छत पेलणाऱ्या तिकोनी सागवानी कैच्या, दारं, खिडक्या, सगळं लाकूडकाम आमच्या सुतारखान्याला द्यायला ते तयार आहेत. एवढं मोठं काम आमच्याकडे आजवर आलं नाही. परवाच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल बरे खपले, पण इंजिन आणि फळ्या चिरायचा गोल आरा काही पोळ्याच्या बैलांसाठी घेतला नव्हता.

त्यांची एक अट आहे. जुनी शाळा त्याच आवारात भरते. ठेकेदार म्हणाले, "कैची चढवताना काही सुटलं अन् पोरीच्या डोक्यावर पडलं, नाहीतर तुमच्याच माणसाचा पाय गेला, तर जबाबदारी कोणाची? मी कोर्टाच्या पायऱ्या चढणार नाही. विमा उतरवा. दिवाळीपर्यंत कागद दाखवा, नाहीतर मूल गावच्या मिस्त्रीला काम देतो."

आमचे हे सगळा वेळ पाठ करून रंधा मारत होते. ठेकेदार गेल्यावर मी विचारलं, मग काय ठरवायचं? तर म्हणाले, "चाय पेला का त्यानं?" बस, तेवढंच. विमा पसंत नसेल तर तसं तोंडानं सांगावं. अशी गंमत कशाला?

मला मात्र पसंत आहे. झिंगूमुळे.

गेल्या फाल्गुनात आमच्या आऱ्यावर झिंगूच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. हे अलीकडून फळी लोटत होते, तो पलीकडून ओढत होता. धानोऱ्याकडच्या जंगलगावचा माणूस. त्याची बायको नीलाबाई गावच्या म्हाताऱ्यांना घेऊन आमच्या अंगणात येऊन बसली. मी पैसे काढून ठेवले होते, त्यांना कोणी हात लावला नाही. म्हणाले, तुमच्या कामात हात गेला, शेत उभं आहे, हात भरून द्या. म्हणून आषाढात यांनी झिंगूच्या धानाच्या बांधीत नांगर धरला आणि मी नीलाबाईच्या शेजारी वाकून धान रोवला. मॅट्रिक झालेली बाई गुडघाभर चिखलात म्हणून बांधावरून लोक हसले. हसू देत. पण वाकल्या वाकल्या माझ्या डोक्यात एकच होतं, उद्या आणखी कोणाचा हात गेला तर आम्ही दोघं किती शेतं रोवणार?

रोवणी झाली आणि झिंगूचा साळा लालसू आपण होऊन कामाला आला. आम्ही बोलावलं नव्हतं. मजुरीचीही घासाघीस केली नाही. तेव्हापासून आऱ्याच्या पलीकडे तोच उभा असतो.

विमा मिळवायचा. मार्कंडेश्वरासमोर हात जोडून ठरवलं.

रविवार, २८ ऑगस्ट

नेम आठ दिवसांत मोडला. देवा, क्षमा कर.

नागपूरच्या वर्तमानपत्रातल्या जाहिराती पाहून तीन कंपन्यांचे पत्ते काढले आणि तिघांना इंग्रजीत पत्रं लिहिली. आलेली पाकिटं उलटी करून पुन्हा चिकटवली, त्यामुळे खर्च फक्त तिकिटांचा. इंग्रजी लिहायला बसले तेव्हा एकेक शब्द आधी कपट्यावर लिहून पाहिला. मॅट्रिकनंतर इंग्रजीत फक्त औषधाच्या बाटल्या वाचल्या आहेत.

शेजारच्या इंदुताई आमच्या भजनमंडळाच्या पुढारी. त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "ऐन अधिकमासात विमा? देवावरचा भरवसा उडाला म्हणा ना." हसत म्हणाल्या, पण मला लागलं. दिवसभर मनात घोळलं. संध्याकाळी भुशाची शेगडी भरताना उत्तर सुचलं. शेताला काटेरी कुंपण घालतो, म्हणून देवावर भरवसा नाही असं होत नाही. रानडुक्करही देवाचंच आहे, पण धान आपला आहे.

एक गोष्ट मात्र चांगली. हे पूर्वी कीर्तनाला येत नसत, आले तर खांबाला टेकून मागे बसत. या महिन्यात रोज येतात आणि थेट पुढे जाऊन बसतात. बुवांच्या तोंडावरून नजर हलत नाही. आरतीला यांच्या टाळ्या तेवढ्या सगळ्यांच्या नंतर वाजतात. इंदुताई म्हणाल्या, मिस्त्री तल्लीन होऊन राह्यले आजकाल. ऐकून मला बरं वाटलं. माझ्या नवसांचं काहीतरी फळ आहे म्हणायचं.

शनिवार, १० सप्टेंबर

एका कंपनीचं उत्तरच नाही. दुसरी म्हणते, जंगलभागातल्या धंद्याचा विमा आम्ही घेत नाही. जसं काही आमच्या सुतारखान्यात वाघ रंधा मारतो. तिसऱ्या कंपनीनं छापील अर्ज पाठवला. कामगार आणि तिऱ्हाईत, दोघांनाही इजा झाली तर भरपाई, असं वर स्पष्ट लिहिलं आहे. मला नेमकं हेच हवं होतं.

अर्ज आधी पेन्सिलीनं भरला, मग शाईनं. यांचं नाव लिहिलं. लिहायला हरकत नाही, उच्चारायचं नाही. उखाण्यात घेतलं ते घेतलं, त्यानंतर माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही.

अडले ते दहाव्या रकान्यात. मागे झालेला अपघात आणि त्याचं कारण. झिंगूचं लिहिलं, कारण कोरं ठेवलं. यांच्यासमोर अर्ज धरून विचारलं, काय लिहू? यांनी पटाशीची धार अंगठ्यावर कितीतरी वेळ पाहिली. मग म्हणाले, "लिही, नशीब." लालसू तिथंच भुसा भरत होता. त्यानं यांच्याकडे पाहिलं आणि टोपली उचलून बाहेर गेला.

नशीब हा शब्द मला आवडत नाही, त्यात देवाचं नाव नाही. मी इंग्रजीत ईश्वरेच्छा असं लिहिलं. स्वच्छ अक्षरात. त्याहून खरं कारण कोणत्या अपघाताचं असतं?

शुक्रवार, १६ सप्टेंबर

अधिकमास संपला. सवाष्णींना वाण दिलं.

लिहावं की नको कळत नाही. ही वही कोण वाचतं म्हणा. परवा दिवेलागणीला यांना अर्जाबद्दल सांगत होते. मी चुलीपाशी, हे ओट्यावर. मध्येच म्हणाले, "तिथं काऊन बसली अंधारात? इकडं ये, कंदिलासमोर बस. तोंड दिसू दे तुझं." लग्नाला एकवीस वर्षं झाली. तरुणपणी जे कधी म्हटलं नाही ते आता. मी पदर सारखा करून कंदिलासमोर बसले. मग मी जे बोलले ते सगळं यांनी नीट ऐकलं, विम्याला होकारसुद्धा दिला. दोन दिवस तसंच चाललं आहे. काही सांगायचं असलं की कंदिलासमोर.

बुधवार, २८ सप्टेंबर

कंपनीचं पत्र आलं. वाचून रडू आलं, मग राग आला.

लिहितात, ईश्वरी कृत्यामुळे झालेल्या हानीची भरपाई कंपनी देत नाही. तुमच्या कारखान्यातले अपघात त्या कारणाने होत असतील तर विमा उतरवण्यात अर्थ नाही. म्हणजे देवाचं नाव घेतलं म्हणून अर्ज बाजूला. पुढे एक ओळ आहे, खुलासा करायचा असल्यास कळवावे.

इंदुताईंना दाखवलं. त्या आधी पोट धरून हसल्या. म्हणाल्या, "बाई, तुम्ही देवाले साक्षीदार केलं अन् त्यायनं आरोपी केलं." मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "सोडू नका आता. इतकं केलं तं."

सोडणार नाहीच. लगेच उत्तर लिहिलं की पत्रानं काय खुलासा होणार, माणूस पाठवा, त्यानं डोळ्यानं पाहावं. वर लिहिलं की सुतारखाना स्वच्छ आहे, भुसा रोज उचलला जातो, इंजिनाचा पट्टा नवा आहे आणि मालक कामाच्या वेळी कोणाशी एक शब्दही बोलत नाहीत.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

दोन गोष्टी मनाला लागल्या.

सकाळी बाजाराच्या रस्त्यानं हे पुढे चालले होते, खांद्यावर खिडकीची चौकट. मागून मोटार आली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकला. हे रस्त्याच्या मधोमधच. शेवटी लालसूनं धावत जाऊन यांची बाही ओढली. ड्रायव्हर नको नको ते बोलून गेला. मी यांना म्हटलं, कामाची एवढी काळजी करू नका, चालताना तरी देवाचं नाव घ्या. यांनी मान डोलावली.

दुसरी गोष्ट लालसूची. माणूस प्रामाणिक आहे, पण त्याला एक वाईट खोड आहे. आऱ्यावर असताना सारखा फळीवर बोटांच्या पेरांनी ठोकत राहतो. एक ठोका, मग दोन. इंजिन बंद असतानाही यांच्यासमोरच्या लाकडावर टकटक. मुलाबाळांचा बाप, पोरासारखा खेळतो. इन्स्पेक्टर येईल तेव्हा असं करू नकोस म्हणून आज बजावलं. तो म्हणाला, "ते नाई सोडता येत, बाई." आता याला काय म्हणावं?

गुरुवार, २० ऑक्टोबर

कंपनीचे इन्स्पेक्टर आले. वझलवार साहेब, उतारवयाचे, अंगानं काटकुळे. वैनगंगेवर डोंग्यातून उतरताना धोतर भिजलं होतं, बूट हातात होते. मी आधी पाय धुवायला पाणी दिलं, मग चहा.

त्यांनी सगळं पाहिलं. आऱ्याला लोखंडी जाळीचं झाकण हवं म्हणाले. मी म्हटलं, लोहाराला उद्याच सांगते. इंजिन लावून एक फळी चिरून दाखवायला सांगितलं. लालसूची टकटक चालूच. मी डोळे मोठे केले तरी थांबला नाही. साहेब बाजूला उभे राहून कधी त्याच्या बोटांकडे पाहत, कधी यांच्या हातांकडे.

इंजिन बंद झालं. हे पाठमोरे होऊन चौकट तासायला बसले. तेवढ्यात साहेबांच्या हातून भिंतीशी ठेवलेली लोखंडी पहार दगडी फरशीवर पडली. मी केवढ्यानं दचकले. बाहेरचा कुत्रा भुंकत उठला. हे तासतच राहिले. मला अभिमान वाटला. मी साहेबांना म्हटलं, कामात असले की जग बुडालं तरी यांचं लक्ष हलत नाही.

साहेबांनी पहार उचलून जागेवर ठेवली. वाकून, सावकाश. मग मला अंगणात बोलावून विचारलं, तो गडी फळीवर का ठोकतो? मी म्हटलं, खोड आहे त्याची, सोडवते.

"सोडवू नका," ते म्हणाले. मग बूट घालता घालता, "बाई, दहाव्या रकान्यातलं कारण तुम्ही पुन्हा लिहा. मी आज जे पाहिलं ते मी लिहिलं, तर अर्ज निकालात निघेल. तेच तुम्ही होऊन कळवलं, उपाय लिहिला, तर कंपनी विचार करेल. मालकानं लपवलं आणि मालकानं सांगितलं, यात आमच्याकडे मोठा फरक असतो."

मी विचारलं, तुम्ही काय पाहिलं?

ते म्हणाले, "दसऱ्याला इंजिन बंद असेल ना? तेव्हा सगळं शांत असेल. तुम्हीच पाहा."

आज रात्री काही झोप यायची नाही. काय पाहिलं असेल त्यांनी? लालसू दारू पिऊन येतो की काय?

दसरा

सकाळी हत्यारांची पूजा केली. रंधा, पटाशी, वाकस, करवत, सगळं धुऊन पाटावर मांडलं. इंजिनाला हळदकुंकू, आऱ्याला झेंडूची माळ. आज कोणत्याही हत्याराला हात लावायचा नाही. सुतारखाना इतका शांत मी कधी पाहिला नाही. छपरावरून चिमणी चालली तरी तिची नखं ऐकू येत होती.

हे पूजेपुढे बसले होते, माझ्याकडे पाठ. लालसू दाराशी आपट्याची पानं घेऊन उभा. मी म्हटलं, नारळ द्या. हे हलले नाहीत. पुन्हा म्हटलं. नाही. आणि तेव्हा कीर्तनातली पुढची जागा, मोटार, पहार, सगळं एकदम समोर आलं.

मी यांच्या मागे हातभर अंतरावर उभी राहिले. देवाची मनात क्षमा मागितली आणि यांचं नाव घेतलं. मोठ्यानं. अहो नाही, मिस्त्री नाही. उखाण्यानंतर पहिल्यांदा.

"लटारू."

बायकोनं नावानं हाक मारली तर झोपेतला नवरासुद्धा उठून बसेल. यांनी वातीवरची काजळी झाडली आणि हात पुसले.

मी पुन्हा घेतलं. दाराशी लालसूनं मान खाली घातली. मग तो आत आला आणि हे बसले होते त्या पाटावर बोटानं दोनदा ठोकलं. यांनी वळून पाहिलं. आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे. माझं तोंड पाहिलं आणि यांना सगळं कळलं.

आज याहून जास्त लिहवत नाही.

दसऱ्याचा दुसरा दिवस

कंदिलासमोर बसले काल रात्री. हसू आलं नाही. कंदिलासमोर बस का म्हणत होते ते समजलं आहे. ओठ दिसावे म्हणून. एकवीस वर्षांनी आलेलं प्रेम म्हणून मी पदर सारखा करत होते.

सावकाश, तोंड नीट हलवून विचारलं, कधीपासून?

बल्लारशाच्या आरागिरणीत होते तेव्हापासून थोडं थोडं. डावा कान तिथंच गेला. उजवा या दोन वर्षांत. मी विचारलं, झिंगू?

यांनी आपलीच बोटं उलगडून पाहिली. मग म्हणाले, "तो ओरडला असन. मले नाई आलं ऐकू. मी फळी लोटतच राह्यलो. त्याचं तोंड वासलेलं दिसलं तवा समजलं, पन तवा झालं होतं."

मी म्हटलं, मला का नाही सांगितलं?

"बहिऱ्याले आरा कोन चालवू देते? मिस्त्री कोन म्हनते?" मग माझा हात धरून, "ते नको लिहू त्या कागदावर. काम जाईन. मी संभाळून करीन. लालसू हाये ना."

मी कंदिलाची वात खाली केली.

आज सकाळी लालसूला गाठलं. तुला सांगितलं कोणी हे? तो म्हणाला, झिंगूनं गावात सांगितलं होतं. मिस्त्री वाईट माणूस नाही, त्याला हाक पोचली नाही. म्हाताऱ्यांनी विचार केला की असंच चाललं तर आणखी कोणाचा हात जाईल, कदाचित त्याचा स्वतःचा. मिस्त्रीनं हात भरून दिला, नांगर धरला, त्याची बायको चिखलात उभी राहिली. मग आपणही काही द्यावं.

"तुम्ही हात देल्ला," लालसू म्हणाला. "गावानं मले कान म्हनून धाडलं. भाऊले आवाज नाई समजत, पन फळीतून ठोका समजते. एक म्हंजे थांब, दोन म्हंजे चाल."

आणि मी त्या माणसाला खोड सोड म्हणून रागावले होते. आत जाऊन त्याला चहा आणून दिला. दुसरं काय देणार?

रविवार, ३० ऑक्टोबर

तीन दिवस अर्ज समोर घेऊन बसते आहे. दिवाळी तोंडावर आली.

न लिहिलं तर काय होईल? वझलवार साहेब सांगतील की नाही सांगणार, कोण जाणे. पण समजा विमा मिळाला आणि उद्या कैची चढवताना यांना हाक गेली नाही. खाली मुली खेळत असतील. तेव्हा कंपनी काय म्हणेल ते सोडा, मी पोथी उघडून देवासमोर कोणत्या तोंडानं बसेन? एकदा मी माणसाचं कारण देवाच्या नावावर लिहिलं ते अजाणता. आता जाणून लिहायचं का?

लिहिलं तर काम जाऊ शकतं. त्याहून वाईट म्हणजे गावात सगळ्यांना समजेल, आणि यांना ते मरणासारखं वाटेल. ते कारण माझ्या अक्षरात असेल.

आज जेवण झाल्यावर यांच्यासमोर दौत ठेवली आणि लिहिता लिहिता एकेक ओळ बोट ठेवून वाचून दाखवली. अपघाताचं कारण: आरा चालवणाऱ्यास ऐकू येत नाही. पलीकडच्या माणसाची हाक पोचली नाही. उपाय: मालक यापुढे आरा चालवणार नाहीत. आरा लालसू चालवेल, पलीकडे ऐकू येणारा दुसरा माणूस राहील.

हे उठून गेले. मी शाई वाळू दिली.

मंगळवार, १ नोव्हेंबर

काल दिवसभर हे माझ्याशी बोलले नाहीत. जेवले, पण मान वर केली नाही, म्हणजे माझं तोंड पाहायचं नाही. बहिऱ्या माणसाचा अबोला केवढा मोठा असतो. दार दोन्ही बाजूंनी बंद.

आज सकाळी मी अर्ज पाकिटात घालून टपालाला निघाले, तर सुतारखान्याच्या दाराशी थबकले. इंजिन फिरवायचं हँडल यांच्या हातात होतं. रोज हेच फिरवतात, दुसऱ्या कोणाला लावू देत नाहीत. यांनी ते पुसलं, लालसूच्या हातात दिलं आणि दूर कोपऱ्यात जाऊन कैचीच्या सांध्यावर पटाशी धरली. लालसूला पहिल्या दोन खेपेला इंजिन लागलं नाही. यांनी पाहिलं असणार, पण जागेवरून उठले नाहीत.

मी पाकीट टाकून आले.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

विमा मिळाला. धनतेरस उद्या, पण आजच असल्यासारखी घरभर फिरले.

हप्ता मला वाटलं होतं त्याहून चांगलाच जड आहे. शेव-चकल्या यंदा निम्म्या. कागदात अटी लिहिल्या आहेत, आऱ्यावर जाळी, मालकांस ऐकू येत नसल्याने त्यांनी आरा चालवू नये, उंचावर काम चालू असता खाली उभं राहू नये. झिंगूचा अपघात त्यात येत नाही, तो आधीचा. ते ठीकच आहे. झिंगूचं शेत कंपनीनं रोवावं अशी माझी इच्छाही नाही. येत्या आषाढात आम्ही आहोत.

दुपारी कागद घेऊन एकटीच बैस ठेकेदारांकडे गेले. त्यांनी अटींवर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे मिस्त्री बहिरा आहे?"

मी म्हटलं, "हो. तुम्ही कागद मागितला होता, तो हा. यात लिहिलंय ते सगळं खरं आहे. मूलच्या मिस्त्रीच्या कागदात काय लिहिलंय ते विचारून घ्या."

ते बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिले. मूलच्या मिस्त्रीकडे कागदच नसावा असं मला आपलं वाटलं. शेवटी म्हणाले, "कैच्या पौषाच्या आत चढल्या पाहिजेत." आणि कारकुनाला हाक मारली.

येताना इंदुताई भेटल्या. त्यांना मीच सांगितलं, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा. त्यांनी तोंडावर पदर घेतला. मग म्हणाल्या, उद्यापासून भजनात मिस्त्रींची जागा मृदंगाशेजारी. मृदंगाचं खोड यांनीच कोरलेलं आहे. त्याला हात लावून बसू देत.

गुरुवार, २२ डिसेंबर

आज पहिली कैची चढली.

मुलींना शाळेच्या बाईंनी मागच्या अंगणात नेलं होतं. वर लालसू आणि आऱ्यावरचा नवा गडी कोलू, दोराशी बाकीचे गडी. खुणांचं काम लालसूचं. हे अटीप्रमाणे छताखाली नव्हते, भिंतीच्या टोकाला उभे होते, शेवटच्या उभ्या खांबाला तळहात लावून. वरचं सगळं लाकूड त्या खांबाला जोडलेलं आहे.

कैची वर गेली, हलली, तिरकी झाली. सगळे ओरडत होते, धर, सोड, इकडं. यांनी डोळे मिटले होते. मग एकदम डोळे उघडून म्हणाले, "बसली." वरून लालसूची "बसली भाऊ" ही हाक त्यानंतर आली.

बैस ठेकेदार माझ्या बाजूलाच होते. दुसऱ्या कैचीच्या वेळी ते वर न पाहता यांच्याकडे पाहत होते.

झिंगूही आला होता, नीलाबाईबरोबर. उरलेल्या बोटांनी दोर धरायला गेला, तर यांनी त्याला ओढून आपल्या शेजारी आणलं आणि त्याचा तो हात खांबाला लावला. दोघं तसेच उभे राहिले.

संध्याकाळी घरी पाट मांडला. हे पाठमोरे बसले होते, थकून मान खाली. मी भाकरी घेऊन मागे उभी. वाकून पाटाच्या कडेवर बोटानं दोनदा ठोकलं. यांनी वळून पाहिलं आणि ताट पुढे सरकवलं.

नाव मी पुन्हा घेतलं नाही.